हरवलेल्या अक्षराचा माग

मागच्या वेळी आपण तारायंत्रापासून टेलिप्रिंटरपर्यंत आलो होतो. आज तिथूनच पुढे जायचं आहे, पण जरा आडवाटेनं. यंत्रांचा इतिहास सांगताना आपण शोध कोणी लावला, कुठल्या साली लावला, इथेच थांबतो. ते यंत्र पुढे बिघडलं कसं, दुरुस्त कोणी केलं आणि त्या दुरुस्तीचा त्रास कोणाला झाला, हे फारसं कोणी लिहून ठेवत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ कोड खुला असतो, तिथे दुरुस्त्यांची नोंद कोडमध्येच राहते. दुरुस्ती करणारा माणूस शेजारी दोन ओळी टिपून जातो, की बाबांनो, हे असं विचित्र का केलंय. आज आपण अशाच एका कोडकडे बघणार आहोत, तो म्हणजे लिनक्समधला सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर.

सिरीयल पोर्ट म्हणजे संगणकाच्या मागे नऊ पिनांचं, इंग्रजी डी अक्षरासारखं कनेक्टर असायचं, ते. माउस त्याला लागायचा, मॉडेम लागायचा. एका तारेवरून एकामागून एक बिट जातो, म्हणून सिरीयल. अक्षर सुरू झालं हे सांगायला आधी एक स्टार्ट बिट, मग अक्षराचे बिट, मग संपलं हे सांगायला स्टॉप बिट. ही रीत टेलिप्रिंटरची. टेलिटाइप कंपनीचं १९६३ सालचं मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉडनं चालायचं. एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सेकंदाला बरोबर १० अक्षरं. बॉड हे नाव फ्रेंच तारायंत्र अभियंता एमिल बोदो यांच्यावरून आलं. लिनक्समध्ये आजही अनेक टर्मिनलांच्या नावात 'टीटीवाय' असतं, ते टेलिटाइपचंच लघुरूप. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, आणि त्याची सर्वांत जास्त वापरली गेलेली 'सी' आवृत्ती १९६९ची. म्हणजे आपण ज्या पोर्टबद्दल बोलतोय, त्याचे नियम पर्सनल कॉम्प्युटरच्या आधीच ठरलेले होते.

आता ऑगस्ट १९८१ मध्ये येऊ. आयबीएमनं पीसी बाजारात आणला. त्याच्या सिरीयल कार्डावर नॅशनल सेमीकंडक्टरची ८२५० ही चिप होती. तारेवरून येणारे बिट गोळा करून अक्षर बनवायचं आणि प्रोसेसरला हाक मारायची, हे तिचं काम. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. दारावर एकच पत्र मावेल एवढी टपालपेटी आहे अशी कल्पना करा. पोस्टमन पत्र टाकतो, बेल वाजवतो आणि लगेच पुढचं पत्र आणायला निघतो. तो परत यायच्या आत तुम्ही पेटी रिकामी केली नाही, तर नवं पत्र जुन्या पत्राच्या जागी बसतं आणि जुनं गेलंच. ८२५० मध्ये आलेलं अक्षर ठेवायला अशी एकच जागा होती.

किती वेळ मिळायचा? ९६०० च्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे दर अक्षरामागे साधारण एक मिलिसेकंद. तो पुरायचा. वेग ३८४०० केला, की उरतात २६० मायक्रोसेकंद. १,१५,२०० ला ८७. मूळ पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. २६० मायक्रोसेकंदांत त्याचे जेमतेम १२४० ठोके पडतात, आणि एकेका सूचनेला अनेक ठोके लागतात. त्या वेळात हातातलं काम बाजूला ठेवायचं, हाक कोणाची ते शोधायचं, अक्षर उचलायचं आणि परत मूळ कामाला लागायचं.

उशीर झाला तर चिप एका रजिस्टरमध्ये एक बिट उभा करते. त्याचा अर्थ 'ओव्हररन', म्हणजे काहीतरी हरवलं. किती हरवलं, ते सांगत नाही. एक अक्षर गेलं की दहा, बिट एकच. पुढची सगळी कथा समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा. फाइल उतरवताना मधलं एक अक्षर गेलं तर निदान तपासणी करून तेवढा भाग परत मागवता येतो. पण पलीकडे लेथ असेल तर? सीएनसी यंत्रांना प्रोग्राम पुरवायचा रस्ता अनेक वर्षं हाच पोर्ट होता. आकड्यातला एक शून्य गळला, की हत्यार कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही.

आता पहिला दोष. मूळ ८२५० मध्येच अनेक चुका होत्या. दोन गोष्टी जवळजवळ एकाच क्षणी घडल्या तर चिप गोंधळायची. आयबीएमच्या लोकांना हे माहीत होतं. त्यांनी काय केलं, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामात, या चुकांना वळसा घालणारा कोड लिहिला. काम भागलं. पण तो वळसा असा होता, की चूक तिथे असेल तरच तो नीट चालायचा. पुढे नॅशनल सेमीकंडक्टरनं चुका काढून ८२५०ए ही सुधारित चिप आणली, आणि ती मूळ पीसीत किंवा पीसी एक्सटीत बसवता येईना! चिप बरोबर आहे, आणि म्हणूनच संगणक अडतो. ८२५०बी ही आवृत्ती मूळ चुकांसकट विकली जात होती, आणि जुन्या यंत्रांना तीच लागायची. हा तिढा सुटला तो १९८४ मध्ये, आयबीएमनं पीसी एटी काढला तेव्हा. त्यात १६४५० ही चिप होती आणि बायोस नव्यानं लिहिलेला होता. चूक काढायला चिप आणि बायोस दोन्ही एकदम बदलावे लागले, म्हणजे थोडक्यात नवीन संगणकच घ्यावा लागला.

आम्हाला हा सगळा प्रकार गल्लीतल्या घरांसारखा वाटतो. एकाची भिंत वाकडी असते, शेजारी तिला टेकून जिना बांधतो. मग ती भिंत सरळ करायची, तर आधी जिन्याचं काय ते ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून नामी आहे. टपालपेटी एकाच पत्राची, ही मुख्य अडचण. उपाय उघड होता, पेटी मोठी करा. १६५५० या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आली, आलेल्या अक्षरांसाठी एक आणि जाणाऱ्यांसाठी एक. पण त्या रांगेची रचनाच सदोष निघाली. तिच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. मग दुरुस्त आवृत्ती आली, १६५५०ए. बाहेरून बघाल तर नावात एका अक्षराचा फरक. ड्रायव्हरनं कसं ओळखायचं? चिपला रांग सुरू करायला सांगायचं आणि मग इंटरप्टच्या ओळखीचं रजिस्टर वाचायचं. वरचे दोन्ही बिट शून्य आले, तर रांग नाहीच. दोन्ही एक आले, तर रांग आहे आणि नीट आहे. त्यातला फक्त एकच, वरचा, उभा राहिला, तर समजायचं की ही ती बिघडलेली १६५५०. ८२५० आणि १६४५० यांत फरक करायलाही अशीच युक्ती. १६४५० मध्ये एक फावलं रजिस्टर असतं, त्यात आकडा लिहून परत वाचायचा. लिहिलेलं परत मिळालं तर १६४५०, नाहीतर ८२५०.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये या चिपांचा एक तक्ता आहे. त्यात १६५५० च्या पुढे रांगेची लांबी लिहिली आहे १. चिपमध्ये जागा १६ अक्षरांची, पण ड्रायव्हर म्हणतो, एकच धरा. हीच त्या बगची दुरुस्ती. सदोष चिप कोणाच्या तरी यंत्रात आहे, ती बदलता येणार नाही, तेव्हा ड्रायव्हरनं ती ओळखायची आणि तिच्याकडून तेवढ्याच अपेक्षा करायच्या.

आणि १६५५०ए मिळाली म्हणून सगळं सुटलं का? रांगेत किती अक्षरं जमल्यावर बेल वाजवायची, हे ठरवावं लागतं. पर्याय चार, १, ४, ८ किंवा १४. चौदावर ठेवलं तर प्रोसेसरला कमी वेळा उठावं लागतं. पण बेल वाजल्यावर रांगेत जागा उरते फक्त दोन अक्षरांची, म्हणजे ३८४०० ला अर्धा मिलिसेकंद. आठवर ठेवलं तर आणखी आठ जागा, म्हणजे दोन मिलिसेकंद. लिनक्सनं ८ निवडलं. शेवटची दोन-तीन अक्षरं आली आणि पुढे काहीच आलं नाही, तर ती तिथे पडून राहू नयेत म्हणून चार अक्षरांचा वेळ थांबून चिप आपणहून हाक मारते. ज्यांनी हे योजलं त्यांना टंकलेखन यंत्रापुढे बसून वाट बघण्याचा अनुभव असणार, असं आम्हाला उगाचच वाटतं.

बरं, आता लिनक्सकडे. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी जे लिहायला घेतलं, ते सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतंच. तो टर्मिनलचा प्रोग्राम होता, घरून मॉडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घेण्यासाठी. दोन कामं आळीपाळीनं चालायची. एक कळफलकावरून वाचून मॉडेमला द्यायचं, दुसरं मॉडेमकडून घेऊन पडद्यावर दाखवायचं. म्हणजे सिरीयल पोर्ट हा लिनक्सला नंतर जोडलेला भाग नाही, लिनक्सच त्याच्याभोवती वाढलं. १९९२ मध्ये थिओडोर त्सो यांनी हा ड्रायव्हर मोठ्या प्रमाणावर नव्यानं लिहिला, आणि पुढे सुमारे दहा वर्षांनी रसेल किंग यांनी त्याची पुनर्रचना केली.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, टेलिफोनच्या तारेवरून. त्या काळी मॉडेमच्या शिट्टीनंतर उमटणाऱ्या प्रत्येक अक्षराचा रस्ता या चिपमधूनच जात होता. फोनचं बिल मिनिटांवर, आणि अक्षर गळलं की तेवढा भाग पुन्हा मागवायचा.

त्या दशकातला एक बग आम्हाला विशेष वाटतो, कारण चूक सिरीयल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये नव्हतीच. लक्षण असं, की चिप चांगली १६५५०ए, वेग माफक, आणि तरी ओव्हररन. कधी? हार्ड डिस्क वाचायला लागली की. कारण हार्ड डिस्कचा ड्रायव्हर माहिती उचलताना बाकीच्या सगळ्या इंटरप्टना दार बंद करून घ्यायचा. तेवढ्या वेळात सिरीयल पोर्टची बेल वाजत राहायची, ऐकणार कोणी नाही. उपाय होता. 'एचडीपार्म' नावाच्या साधनानं डिस्कच्या ड्रायव्हरला सांगता यायचं, की काम करताना दार उघडं ठेव. सिरीयल पोर्टचे ओव्हररन थांबायचे, सगळा संगणकच तरतरीत व्हायचा.

मग हे सगळ्यांसाठी आपोआप का केलं नाही? कारण काही डिस्क-कंट्रोलर चिपांना मध्येच कोणी थांबवलेलं खपत नव्हतं. सीएमडी-६४०बी आणि आरझेड-१००० या दोन चिपांचे दोष तर कुप्रसिद्ध होते. त्यांच्यावर दार उघडं ठेवलं, तर डिस्कवरची सगळी फाइल व्यवस्था खराब होऊ शकत होती. त्या साधनाच्या माहितीपत्रकात हा इशारा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. म्हणजे बघा, मॉडेमवरचं एक अक्षर वाचवायला जावं आणि डिस्कवरचं सगळं लिखाण घालवून बसावं. काळजी घेणाऱ्यांनी निवड कुठली केली? डीफॉल्ट तसाच ठेवला, अक्षर गळू दिलं. ज्याला आपलं यंत्र माहीत आहे त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर बदल करावा. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता, जरी त्यामुळे हजारो लोकांना विनाकारण अक्षरं गमवावी लागली असतील.

आता इंटरप्टच्या तारांबद्दल थोडं, कारण सर्वांत जास्त वाद तिथे झाले. पीसीमध्ये पहिल्या सिरीयल पोर्टला चार नंबरची तार, दुसऱ्याला तीन नंबरची. तिसरा पोर्ट लावायचा तर पुन्हा चारच, चौथ्याला तीन. तारा कमी, पोर्ट जास्त. जुन्या आयएसए पद्धतीत प्रोसेसरला तार वर आहे की खाली हे कळत नसे, ती खालून वर गेली तो क्षण तेवढा कळे. समजा एकाच तारेवर दोन पोर्ट आहेत. पहिल्यानं हाक मारली, तार वर गेली. ड्रायव्हर त्याचं काम करत असताना दुसऱ्यानंही हाक मारली. तार आधीच वर आहे, आणि पहिल्याचं काम झालं तरी दुसऱ्यामुळे ती वरच राहते. ड्रायव्हर समाधानानं परत गेला. आता ती तार खाली येणारच नाही, मग पुन्हा वर जाणार कशी? दोन्ही पोर्ट मुके. संगणक चालू आहे, चूक कुठे दिसत नाही, पण मॉडेमवरून अक्षर येत नाही.

दुरुस्ती अशी, की त्या तारेवरच्या सगळ्या पोर्टना एकेक करून विचारत फिरायचं, आणि पूर्ण एक फेरी कोणीही काही न मागता गेली, तरच बाहेर पडायचं. नव्या माणसाला हा कोड विनाकारण गुंतागुंतीचा वाटतो. तसा तो कर्नलवर काम करणाऱ्या जाणत्यांनाही वाटला. तिथल्या टिपेत हा मतभेद नोंदवलेला आहे. एकाला जुनी पद्धत अति किचकट वाटली, म्हणून तिचं सुलभीकरण झालं. दुसऱ्याचं म्हणणं, की सामायिक आयएसए तारांच्या विचित्रपणासाठी ती किचकटता लागतेच. दोघांची पहिली नावंही तिथे आहेत, आर्यन आणि ॲलन. ॲलन म्हणजे ॲलन कॉक्स. आम्ही ॲलन यांच्या बाजूचे. ती फेरी आजही कोडमध्ये आहे.

आतापर्यंत आपण येणाऱ्या अक्षरांबद्दल बोललो. जाणाऱ्यांचाही एक बग आहे, आणि तो या शतकातला. पाठवताना चिपनं सांगायचं असतं, की माझी जागा रिकामी झाली, पुढचं द्या. नियम असा, की जागा रिकामी असताना ड्रायव्हरनं ही सूचना सुरू केली, तर चिपनं लगेच हाक मारलीच पाहिजे. ड्रायव्हर याच नियमावर विसंबून असतो. पहिलं अक्षर पाठवायचं असेल, तर तो नुसती सूचना सुरू करून वाट बघतो. पण १६५५०ए ची नक्कल करणाऱ्या काही चिपा एकदा दिलेली हाक पुन्हा देत नाहीत. चिप म्हणते मी सांगितलं होतं, ड्रायव्हर म्हणतो मला कळलं नाही. ओळ अर्ध्यावर थांबते. गंमत अशी, की पलीकडच्या माणसानं वैतागून एखादी कळ दाबली की ती ओळ पुढे सरकते, कारण आलेल्या अक्षराच्या हाकेला उत्तर देताना ड्रायव्हर जाता जाता जाणाऱ्यांचीही चौकशी करतो. असा बग शोधणं महाकठीण. शोधायला बसलेला माणूस कळ दाबतो आणि बग पळून जातो!

इथली दुरुस्तीही जुन्याच जातीची आहे. पोर्ट उघडताना ड्रायव्हर चिपची छोटी परीक्षा घेतो. सूचना सुरू करतो, बघतो, बंद करतो, पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या वेळी हाक आली नाही तर त्या चिपवर खूण करतो, आणि तिच्यासाठी एक टायमर लावतो. तो साधारण सेकंदाच्या पाचव्या भागानं जाऊन विचारतो, की काही राहिलंय का. चांगल्या चिपांना हा टायमर लागत नाही. म्हणजे दोष चिपचा, आणि त्याची किंमत फक्त त्याच चिपच्या मालकाला.

याच्या अगदी उलट प्रकार आभासी यंत्रांत झाला. तिथे चिप नसतेच. दुसरा प्रोग्राम १६५५०ए असल्याचं सोंग करतो. खऱ्या चिपला अक्षर पाठवायला वेळ लागतो, या सोंगाला लागत नाही. ड्रायव्हरनं अक्षर दिलं की ते क्षणात गेलं, पुढचं द्या. ड्रायव्हर मघाच्या त्या फेऱ्यांमध्ये अडकतो. अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून मर्यादा घातलेली होती, २५६ फेऱ्यांची, पुढे ५१२. ती ओलांडली की नोंदवहीत ओळ उमटायची, की चार नंबरच्या तारेवर कामाचा अतिरेक झालाय. कित्येक सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ही ओळ बघून घाम पुसला असेल. बिघाड काहीच नव्हता. धीम्या यंत्राची गती गृहीत धरून लिहिलेल्या कोडला फार चपळ यंत्र भेटलं होतं, एवढंच.

शेवटचा प्रसंग जुलै २००९ चा. तो या चिपांचा नाही, त्यांच्या वरच्या थराचा आहे, ज्याला टीटीवाय थर म्हणतात. ॲलन कॉक्स तेव्हा तो सांभाळत होते. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला, आतून गुंतलेला असा तो कोड ते पद्धतशीर साफ करत होते. त्या सफाईत एक बदल असा झाला, की काही प्रोग्रामांना दुसऱ्या प्रोग्रामकडून येणारी शेवटची अक्षरं मिळेनाशी झाली. ईमॅक्स हा त्यांतला एक. म्हणजे पुन्हा हरवलेली अक्षरंच. प्रश्न असा उभा राहिला, की चूक कोणाची? जो प्रोग्राम कर्नलच्या जुन्या वागण्यावर विसंबून होता त्याची, की ज्यानं ते वागणं बदललं त्याची? टॉरवाल्ड्स यांची भूमिका ठाम होती. काल चालत असलेला प्रोग्राम आज कर्नलमुळे बंद पडला, तर चूक कर्नलची, मग तो प्रोग्राम कसाही लिहिलेला असो. यादीवर सर्वांसमोर कडक शब्दांत बोलणं झालं, आणि कॉक्स यांनी टीटीवायची जबाबदारी सोडली. पुढे ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे गेली.

या वादात कोणाचं बरोबर? तत्त्व टॉरवाल्ड्स यांचं बरोबर आहे असं आम्हाला वाटतं. पण ते तत्त्व पाळायचं ओझं ज्याच्या पाठीवर पडतं, त्याच्याशी बोलण्याची ती पद्धत नव्हती. हा कोड हातात घ्यायला मुळात माणसं मिळत नव्हती. जो घेतो त्याला १९६० सालचं मानक, १९८१ सालच्या चिपच्या चुका आणि त्या चुकांवर उभे राहिलेले प्रोग्राम, हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. आणि हे काम काही संग्रहालयातलं नाही. सर्व्हर बूट होताना अडकला तर आत काय चाललंय हे बघायला अजून सिरीयल कन्सोलच लावतात. छोट्या बोर्डांवर काम करणारी मुलं पहिल्या दिवशी तीन तारा जोडतात, त्या याच पोर्टच्या. वजनकाट्यावरून वजन संगणकात जातं, तेही बऱ्याच ठिकाणी अजून याच तारेनं.

तुमच्यापैकी कोणाकडे लिनक्सचा संगणक असेल आणि त्याला जुना पोर्ट असेल, तर घरी गेल्यावर प्रॉक फोल्डरमध्ये टीटीवाय, त्यात ड्रायव्हर, आणि त्यात सिरीयल नावाची फाइल उघडून बघा. पाहायला मूळ प्रशासकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार लागतील. चिपचं नाव दिसेल, बहुधा १६५५०ए, तारेचा नंबर दिसेल, किती अक्षरं आली आणि किती गेली तेही दिसेल. 'ओई' या दोन अक्षरांपुढे काही आकडा असेल, तर तेवढ्या वेळा ओव्हररन झाला. आता प्रश्न घेऊ या.